उंदीर झोपला, की यकृत अडलं?



'पेट' झाली की सिनॉप्सिसचा हंगाम सुरू होतो. नांदेड-लातूरकडचे ओळखीचे ज्युनियर्स आपापला मसुदा मला 'ताई, एकदा नजर टाका' म्हणून पाठवतात. गेल्या दोन महिन्यांत अशा तीन सिनॉप्सिस वाचल्या. वनस्पती तीन वेगळ्या होत्या, शीर्षक मात्र जवळजवळ एकच: 'अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा शामक व निद्राजनक गुणधर्म'. पद्धतही तीच. उंदरांना आधी अर्क पाजायचा, मग पेंटोबार्बिटलचं इंजेक्शन द्यायचं, आणि उंदीर किती मिनिटं झोपतो ते स्टॉपवॉचवर बघायचं. अर्क दिलेला गट जास्त वेळ झोपला, तर अर्क निद्राजनक. झाला प्रबंध.

आज या पद्धतीवर, खरं तर ती वापरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर टीका करायची आहे. वनस्पतींवर माझा राग नाही, परंपरेवर तर नाहीच. एक गोष्ट आधीच कबूल करते, माझा एम.एस्सी.चा प्रबंधसुद्धा याच छापाचा होता. त्यामुळे ही टीका बाहेरून नाही, त्याच चुकीतून शिकलेल्या माणसाची आहे.

कसोटी नेमकं काय मोजते?

उंदराला पाठीवर उलटं ठेवलं तर तो क्षणात वळून पायांवर येतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया. इंग्रजी पुस्तकांत तिला राइटिंग रिफ्लेक्स म्हणतात. पेंटोबार्बिटल चढलं की ती हरपते आणि उंदीर पाठीवरच पडून राहतो. ती परत आली की उंदीर 'जागा झाला' असं आपण लिहितो. मधला वेळ म्हणजे 'स्लीपिंग टाइम'.

इथे पहिली गफलत शब्दातच आहे. हा वेळ झोपेचा नसून शुद्ध हरपल्याचा आहे. झोपलेल्या उंदराला उलटं करून बघा, तो लगेच उठेल. झोप ही मेंदूची एक चालू क्रिया आहे. तिच्यात टप्पे असतात, हलकी झोप, गाढ झोप, मग स्वप्नांची म्हणजे रेम झोप. माणसात हे चक्र साधारण ९० मिनिटांनी फिरतं. बार्बिच्युरेट गटातली औषधं रेम झोप दाबतात. डायझेपाम, अल्प्राझोलम ही बेंझोडायझेपिन गटातली औषधं झोप लवकर आणतात, पण गाढ झोपेचा वाटा कमी करतात. म्हणजे औषधाने माणूस 'आडवा' होतो, पण ती नैसर्गिक झोपेची हुबेहूब नक्कल नसते. हा फरक बघायचा तर मेंदूच्या लहरी नोंदवाव्या लागतात. तेवढी सोय आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नाही हे मला माहीत आहे. नसू द्या. पण मग प्रबंधात 'झोपेचा दर्जा सुधारतो' असं वाक्य तरी कशाला लिहायचं?

माझ्या आजीने हा फरक कुठलंही पुस्तक न वाचता एका वाक्यात सांगितला होता. तिच्याकडे शेवटी येते.

मेंदू की यकृत?

आता मुख्य मुद्दा. समजा अर्क दिलेला उंदीर जास्त वेळ पडून राहिला. याची निदान दोन कारणं असू शकतात.

पहिलं, अर्काने मेंदूवर काम केलं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते चेतापेशींना शांत करतं. पेंटोबार्बिटल गाबाच्या 'ए' प्रकारच्या ग्राहकावर बसून क्लोराइडची वाट जास्त वेळ उघडी ठेवतं. बेंझोडायझेपिन त्याच ग्राहकावर वेगळ्या जागी बसतात, आणि तीच वाट जास्त वेळा उघडते. अर्कातला एखादा घटक असंच काही करत असेल तर दोन्ही परिणामांची बेरीज होणार आणि उंदीर उशिरा उठणार.

दुसरं, अर्काने मेंदूला हातसुद्धा लावला नाही, त्याने यकृताचं काम अडवलं. पेंटोबार्बिटल शरीरातून जातं ते मुख्यतः यकृतातली एन्झाइम्स त्याचं रूपांतर करतात म्हणून. ती एन्झाइम्स अडली, की औषध रक्तात जास्त वेळ टिकणार आणि उंदीर जास्त वेळ पडून राहणार. अर्क निद्राजनक अजिबात नाही, तरी आकडा तोच.

स्टॉपवॉचला या दोन गोष्टींतला फरक कळत नाही. तो फक्त मिनिटं दाखवतो.

हा काही माझा नवा शोध नाही. १९५४ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी एसकेएफ-५२५ए नावाच्या रसायनावर काम प्रसिद्ध केलं. हे रसायन स्वतः झोप आणत नाही. पण ते आधी दिलं आणि मग हेक्सोबार्बिटल दिलं, तर झोपेचा वेळ खूप वाढतो, कारण ते यकृतातली एन्झाइम्स रोखतं. पुढे क्लोरॅम्फेनिकॉल या साध्या अँटिबायोटिकनेही बार्बिच्युरेटची झोप लांबते, तीही यकृतामार्गे, हे दिसलं. क्लोरॅम्फेनिकॉलला निद्राजनक औषध म्हणायची कोणाची तयारी आहे? मग तोच तर्क आपण पानाच्या अर्काला का लावतो?

आता माझ्या व्हायवाचा किस्सा. माझ्या अर्काने झोपेचा वेळ जवळजवळ दीडपट केला होता, त्यामुळे मी खुशीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "यकृताचं काय?" मी तितक्याच शांतपणे उत्तर दिलं, "सर, यकृताचं वजन घेतलं नाही." ते हसले, मार्कही चांगले दिले. त्यांनी काय विचारलं होतं ते मला दीड वर्षाने, पीएच.डी.चं वाचन करताना कळलं. त्या दिवशी इतकी लाज वाटली, की सांगता सोय नाही. माझ्या गाइडना फोन केला तर म्हणाले, "अगं, सगळे असंच करतात." हे उत्तर तुम्हालाही मिळेल. तयार राहा.

सर्पगंधेपासून काय शिकायचं

'वनस्पतीवर संशोधन नकोच का मग?' असा प्रश्न येणार, म्हणून आपल्याच मातीतलं उदाहरण देते. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे कित्येक पिढ्या वेड, बेचैनी, निद्रानाश यांवर वापरात होतं. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून मानसिक आजार आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग नोंदवला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकींनी तिच्यातली अल्कलॉइड्स वेगळी केली, त्यांतल्या एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलिन म्हणतात.

आणि मग मुंबई. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव छापला. या पेपरनंतर सर्पगंधेकडे जगाचं लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं केलं, १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये मनोरुग्णांवरचे निष्कर्ष मांडले, आणि १९५७ मध्ये वकीलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

वकीलांचा पेपर आजच्या कसोटीवर पूर्ण उतरणार नाही. ५० रुग्ण म्हणजे लहान गट, आणि आज आपण औषध कोणाला हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही माहीत नसलेली चाचणी मागू. पण त्यात एक गुण आहे, जो आपल्या प्रबंधांत क्वचित दिसतो. दावा रक्तदाबाचा होता आणि मोजला रक्तदाबच. दावा आणि माप यांच्यात अंतर नव्हतं. आपण दावा करतो झोपेचा आणि मोजतो उलटं पडून राहण्याचा वेळ.

अजून एक गंमत. सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञ सहज स्फटिक देणाऱ्या अल्कलॉइड्सच्या मागे होते. शामक परिणाम मात्र राळेसारख्या चिकट भागात होता, आणि रेसरपिन शेवटी त्यातूनच निघालं. म्हणजे 'अर्कात अल्कलॉइड, फ्लेव्होनॉइड, टॅनिन आढळले, म्हणून परिणाम त्यांचा' हे आपलं लाडकं वाक्य किती पोकळ आहे बघा. फायटोकेमिकल चाचणीत रंग आला म्हणजे तो घटक आहे एवढंच कळतं. काम त्यानेच केलं, हे कळायला प्रत्येक भाग वेगळा करून तपासावा लागतो.

आणि रेसरपिन गाबामार्गे काम करतच नाही. ते चेतापेशींमधल्या सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन यांच्या साठवणीच्या पिशव्या रिकाम्या करतं. १९५५ साली ब्रोडींच्याच प्रयोगशाळेने रेसरपिन, सेरोटोनिन आणि एलएसडी यांचा संबंध तपासला, तेव्हा त्यांनीही हेक्सोबार्बिटलच्या झोपेचीच कसोटी वापरली होती. म्हणजे कसोटी वाईट नाही. पण ती वापरणाऱ्यांना तिच्यातला सापळा आदल्या वर्षीच माहीत होता. आपण कसोटी उचलली आणि सापळ्याची माहिती तिकडेच ठेवून आलो.

बारीकसारीक वाटणाऱ्या, पण निकाल फिरवणाऱ्या गोष्टी

पिंजऱ्यातला भुसा. १९६७ मध्ये इलियट व्हेसेल यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं, की देवदार-पाइनसारख्या मऊ लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांची यकृतातली एन्झाइम्स वाढतात आणि बार्बिच्युरेटची झोप कमी होते. नुसत्या भुशाने! आता सांगा, किती प्रबंधांत भुसा कुठल्या लाकडाचा होता ते लिहिलेलं असतं? मधेच भुसा बदलला, तर तुमचा निकाल अर्काचा की सॉ मिलचा?

तापमान. बेशुद्ध उंदराचं अंग गार पडतं, आणि गार पडलं की औषध शरीरातून जायला वेळ लागतो. डिसेंबरात पहाटे केलेला प्रयोग आणि मे महिन्यात लातूरच्या दुपारी केलेला प्रयोग शेजारी ठेवून तुलना करू नका.

आजारी उंदीर. विषारी अर्क दिला तरी उंदीर कोपऱ्यात गप्प बसतो. ॲक्टोफोटोमीटरवर त्याची हालचाल कमी दिसते आणि आपण 'शामक परिणाम' लिहून मोकळे होतो. रोटारॉडवरून तो पडला तर स्नायू शिथिल झाले, तोल गेला की नुसता अशक्त आहे, हे वेगळं तपासावं लागतं.

बदललेलं भूल-औषध. पेंटोबार्बिटल मिळवायला परवानग्या लागतात, म्हणून बरेच जण थायोपेंटल किंवा केटामिन वापरतात आणि चर्चा मात्र पेंटोबार्बिटलच्या पेपरमधून उचलतात. थायोपेंटलचा एक डोस उतरतो तो मुख्यतः औषध मेंदूतून निघून स्नायू आणि चरबीत पसरतं म्हणून. म्हणजे तिथे कारणमीमांसाच बदलते. केटामिन तर गाबावर अवलंबून नाही, ते एनएमडीए ग्राहक अडवतं. केटामिनची झोप लांबली म्हणून 'अर्क गाबामार्गे काम करतो' असं लिहिणं म्हणजे गाडी नांदेडची आणि तिकीट लातूरचं.

आणि 'डायझेपामसारखाच परिणाम दिसला, म्हणून यंत्रणाही डायझेपामचीच'. हे तर जवळजवळ प्रत्येक डिस्कशनमध्ये असतं. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, ओल्या पट्टीनेही उतरतो. यंत्रणा एक आहे का?

मग करायचं काय?

सगळं सोडून द्या असं मी म्हणत नाही. तीच कसोटी ठेवा, पण तिच्यासोबत खालीलपैकी निदान एक-दोन गोष्टी जोडा.

१. उंदीर उठतो त्या क्षणी रक्तातलं, जमल्यास मेंदूतलं पेंटोबार्बिटल मोजा. दोन्ही गट साधारण सारख्याच पातळीला उठत असतील आणि अर्काचा गट त्या पातळीला फक्त उशिरा पोचत असेल, तर संशय यकृतावर. अर्काचा गट कमी पातळी असतानाही पडूनच असेल, तर मेंदूवर परिणाम असण्याची शक्यता वाढते. आपल्या भागातही एचपीएलसी आता दुर्मीळ राहिलेलं नाही. विचारा, सहकार्य मागा.

२. पेंटोबार्बिटलऐवजी बार्बिटल वापरून बघा. बार्बिटल बहुतांशी जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं, यकृताचा त्यात फारसा हात नसतो. पेंटोबार्बिटलची झोप लांबली आणि बार्बिटलची नाही लांबली, तर उत्तर जवळपास मिळालंच.

३. बेंझोडायझेपिनच्या जागेचा दावा करायचा असेल तर फ्लुमॅझेनिल देऊन बघा. ते ती जागा अडवतं. अर्कामुळे वाढलेला वेळ त्याने कमी झाला, तर तुमच्या दाव्याला आधार मिळेल. नाही झाला तर दावा मागे घ्या.

४. अर्क ज्या द्रवात विरघळवला त्याचा वेगळा कंट्रोल गट ठेवा. डोस एक नको, तीन घ्या. आणि स्टॉपवॉच धरणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नसू द्या. याला पैसे लागत नाहीत, मैत्रीण लागते.

५. हे काहीच शक्य नसेल तर निष्कर्ष लहान करा. 'या अर्काने पेंटोबार्बिटलची क्रिया लांबली. कारण मेंदूत आहे की यकृतात, हे या प्रयोगातून सांगता येत नाही.' हे वाक्य लिहायला धाडस लागतं, पण ते खरं आहे. सहा-सहाचे पाच गट म्हणजे तीस जीव तुम्ही खर्च केले. निदान त्यांच्या नावावर खोटं वाक्य नको. प्राणी नैतिकता समितीचा फॉर्म भरताना हे डोक्यात ठेवा. एवढं माहीत असूनही जुनाच प्रयोग पुन्हा करणं मला तरी अनैतिक वाटतं.

हे इतकं मनाला का लागलं

आजी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती झोपेत होती. घर पडलं नाही, पण तिची झोप त्या दिवशी जी मोडली ती मोडलीच. पहाटे चारच्या आधी उठून ती ओट्यावर येऊन बसायची. पुढे केव्हातरी अल्प्राझोलम सुरू झाली आणि 'थोडे दिवस' म्हणता म्हणता वर्षं गेली. मी विचारलं, "आजी, गोळीनं झोप लागते का?" तर म्हणाली, "लागती माय, पण झाल्यासारखी वाटत नाही." झोप लागणं आणि झोप होणं. आमची कसोटी आणि खरी झोप यांच्यातला सगळा फरक या दोन क्रियापदांत आहे.

मागच्या वर्षी कुणीतरी तिला शांत झोपेची एक पुडी आणून दिली. वेष्टनावर लिहिलं होतं, 'संशोधनाने सिद्ध'. घरात सगळ्यांना बरं वाटलं, वनस्पतीचं आहे, अपाय काय होणार. ती गोळीही घेत होती आणि पुडीही. दोन आठवड्यांनी रात्री न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं.

पुडीमुळेच पडली असं मी म्हणणार नाही. म्हणाले तर वर लिहिलेलं सगळं वाया गेलं. वयस्कर माणसं नुसत्या अल्प्राझोलमनेही पडतात, म्हणूनच या वयात ती जपून द्यावी असं सांगितलं जातं. ओल्या फरशीवर तर कोणीही पडेल. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. अल्प्राझोलम शरीरातून बाहेर काढायचं काम यकृतातलं सीवायपी-३ए४ नावाचं एन्झाइम करतं. केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं ते एन्झाइम अडवतात, म्हणून ती अल्प्राझोलमसोबत देऊ नयेत असं स्पष्ट सांगितलेलं आहे. त्या पुडीतल्या वनस्पतीने तेच केलं असेल तर? हे कोणी तपासलं होतं का? मी शोधलं. त्या वनस्पतीवरचे मला सापडले ते सगळे पेपर एकाच छापाचे निघाले. अर्क, पेंटोबार्बिटल, स्टॉपवॉच, आणि शेवटी 'पारंपरिक वापरास दुजोरा मिळाला'. झोपेचा वेळ वाढल्याचा तोच आकडा कदाचित धोक्याची सूचना होता. आम्ही सगळ्यांनी तो गुण म्हणून छापला.

आणि अशा पेपरच्या ढिगात माझाही एक प्रबंध आहे.

आजी आता काठी घेऊन चालते. अल्प्राझोलमचा डोस डॉक्टर हळूहळू कमी करत आहेत. एकदम बंद करायची नसते. कित्येक वर्षांच्या सवयीनंतर अचानक थांबवली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. घरात कोणी घेत असेल तर हे लक्षात ठेवा, आणि माझा लेख वाचून कोणाची गोळी बंद करू नका. पुडी मात्र आम्ही बंद केली.

तर त्या तीन सिनॉप्सिस मी परत पाठवल्या आहेत. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने एकच प्रश्न लिहिला, जो मला त्या परीक्षकांनी विचारला होता: 'यकृताचं काय?' दोघांचा अजून फोन नाही. तिसरी अहमदपूरची मुलगी आहे. तिने काल रात्री विचारलं, "ताई, बार्बिटल कुठे मिळेल?"

शोधतोय आम्ही दोघी.